अठरा खुर्च्या आणि खाणारा

महाराष्ट्रातल्या नेहमीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीची निवडणूक लागली की १८ संचालक निवडून येतात. ११ सेवा सोसायट्यांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींच्या, २ अडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. पिकवणारा आहे, विकणारा आहे, पोते उचलणारा आणि तोलणारा आहे. तोच माल शेवटी शिजवून खाणाऱ्याला मात्र तिथे खुर्ची नाही. त्याला कोणी ठरवून बाहेर ठेवले असेही नाही. बाजार समित्यांचा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नाडलेला शेतकरी आणि त्याला नाडणारा अडत्या होता. खाणाऱ्याची काळजी रेशनिंगचे खाते वाहत होते, आणि ते खाते मंत्रालयात वेगळ्या मजल्यावर होते. पणन आणि अन्नपुरवठा यांचे मजले आजही वेगळेच आहेत.

या पुस्तकात लेखकांनी राज्याचे जे कायदे तपासले आहेत, ते एकत्र वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. पणन कायदा पणनवाले वाचतात, माथाडी कायदा कामगार चळवळीतले वाचतात, प्राणिरक्षण कायद्यावर भांडणारे लोक आणखी निराळे. दुकाने व आस्थापना कायदा हॉटेलवाल्याच्या सल्लागाराने वाचलेला असतो, खुद्द हॉटेलवाल्याने क्वचित. पण कांद्याची भजी दहा रुपयांनी का वाढली याचे उत्तर शोधायला बसले की हे सगळे कायदे एकाच पोत्यातून बाहेर पडतात. ते एकत्र वाचल्यावर मला जे दिसले ते थोडक्यात सांगतो. गेल्या साठ वर्षांत विक्रीच्या बाजूसाठी विधिमंडळाने कायदे केले आणि खाण्याच्या बाजूसाठी मंत्रालयाने शासन निर्णय (जी.आर.) काढले. कायदा रद्द करायला, बदलायला सभागृह लागते. जी.आर. बदलायला एक दुपार पुरते. पुढच्या प्रकरणांतली बरीच गुंतागुंत या एका फरकातून उगवली आहे असे माझे मत आहे. वाचकाने ते तपासून पाहावे.

आधी राज्याच्या हातात नेमके काय आहे ते पाहू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे, १४ व्या नोंदीत. बाजार आणि जत्रा २८ व्या. राज्यांतर्गत व्यापार २६ व्या नोंदीत आहे, पण तिला एक शेपूट जोडलेले आहे: समवर्ती सूचीतल्या ३३ व्या नोंदीच्या अधीन राहून. ही ३३ वी नोंद १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने रुंदावली आणि अन्नपदार्थांचा व्यापार, पुरवठा, वाटप यांत केंद्राला पाय ठेवायला कायमची जागा मिळाली. अन्नातली भेसळ हाही समवर्ती विषय. म्हणजे शेत राज्याचे, बाजाराचा ओटा राज्याचा, पण ओट्यावरचा माल दोघांचा. निर्यात आणि आयात तर पूर्णपणे दिल्लीची. करांचे हत्यारही आता राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि कोणत्या अन्नावर किती कर हे ठरवायला परिषद बसू लागली. मुंबईची जकात त्याच दिवशी गेली. जकात नाक्यावर भाजीपाल्याचे टेम्पो ताटकळायचे ते दृश्य संपले, एवढे श्रेय त्या बदलाला द्यायला हरकत नाही.

नाशिक जिल्ह्याइतके हे विभाजन कुठे टोचत नाही. लासलगावचा कांद्याचा लिलाव राज्याच्या कायद्याने चालतो. तिथला गाळा, परवाना, काटा, बोली, पट्टी सगळे राज्याच्या नियमांत बसवलेले. पण ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. ऑगस्ट-सप्टेंबरात जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले तेव्हा राज्य सरकारच्या हातात मध्यस्थीपलीकडे फारसे काही नव्हते. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून केंद्र एक दांडा ओढते, आणि त्याचा फटका राज्याच्या बाजारात बसतो. शेतकऱ्याला दिसते ते मात्र समोरचे बाजार समितीचे कार्यालय, आणि राग तिथे निघतो.

आता त्या समितीच्या कायद्याकडे येऊ. त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. या देशातला पहिला नियंत्रित बाजार आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथे १८८६ मध्ये सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा हैदराबाद रेसिडेन्सीच्या ताब्यात होते, आणि माल होता कापूस. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्यामागे वऱ्हाडी शेतकऱ्याचा कळवळा शोधायला जाऊ नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, चोख वजनाचा कापूस वाजवी भावात हवा होता. म्हणजे आपल्या बाजार कायद्यांच्या खापरपणजोबांना घेणाऱ्याचीच फिकीर होती, फक्त तो घेणारा सात समुद्रापलीकडचा गिरणीमालक होता. १९२७ चा मुंबई इलाख्याचा कायदाही कापसाच्या बाजारांचाच. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला, आणि मुंबई प्रांताने १९३९ मध्ये सगळ्या शेतमालासाठी कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला. तोच, पुष्कळ ठिगळे लावून, आजही चालू आहे.

१९६३ च्या कायद्याने काय मोडून काढले हे आजच्या टीकाकारांना आठवत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरायचा. माल कितीला गेला हे मालकालाच कळायचे नाही. वजनात तूट, वर कडता, मातेरे म्हणून वेगळी कपात, धर्मादाय म्हणून आणखी चिमूट. हमाली, तोलाई, वाराई, भराई कोणी किती घ्यायची याला धरबंद नव्हता. पैसे सावकाश, तेही हप्त्याहप्त्याने, आणि तोवर अडत्याकडूनच उचल, व्याजासकट. कायद्याने उघड लिलाव आणला, अधिकृत काटा आणला, हिशेबपट्टी लेखी केली, परवाना नसलेल्याला खरेदीची बंदी केली. आणि या सगळ्याची किंमत म्हणून एक अट घातली: नियंत्रित केलेला माल बाजार क्षेत्रात घाऊक विकायचा तर समितीच्या आवारातच.

ही अट पोटात धरूनच पुढचा सगळा इतिहास घडला. नियमन करायला जागा ठरवली, मग जागा हेच बळ झाले. परवाना ज्याच्या हातात आणि गाळा ज्याच्या नावावर, त्याच्याशिवाय माल पुढे सरकेना. आज राज्यात तीनशेच्या वर मुख्य बाजार समित्या आणि सहाशेच्या आसपास उपबाजार आहेत. सोसायटीपासून समितीकडे आणि समितीपासून विधानसभेकडे जाणारी वाट महाराष्ट्रात इतकी मळलेली आहे की बाजार समितीतल्या निवडणुकीला लोक छोटी आमदारकी म्हणतात, आणि त्यात विनोद कमीच असतो.

मुंबईच्या बाबतीत तर कायद्याने अख्खा बाजार उचलून खाडीपलीकडे नेला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ ची. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या दाटीतून घाऊक व्यापार हलवायचा निर्णय झाला. १९८१ मध्ये कांदा-बटाटा वाशीला गेला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये भाजी आणि फळे. दक्षिण मुंबईतली ट्रकांची गर्दी हटली हे खरे. पण जुन्नरचा टोमॅटो आधी वाशीला उतरून मग दादरला परत चढू लागला हेही खरे. दोनदा उतरवणी, दोनदा चढवणी, दोनदा हमाली, शिवाय मधल्या उन्हात गेलेला माल. या वाढीव फेऱ्याचा खर्च शेवटी कोणावर बसेल याचा हिशेब स्थलांतराच्या चर्चेत कितीसा मांडला गेला? नगररचना म्हणून तो निर्णय योग्य असेलही. अन्नाच्या किमतीचा निर्णय म्हणून त्याच्याकडे पाहिलेच गेले नाही, ही माझी तक्रार आहे.

हमालीचा उल्लेख आला आणि इथे अनेक लेखक घसरतात. मधल्या खर्चांची यादी करताना ते हमाली, तोलाई, अडत, सेस एका दमात म्हणून टाकतात, जणू सगळी एकाच प्रकारची गळती आहे. तसे नाही. शंभर रुपयांवर साधारण रुपयाभर बाजार फी आणि शंभरावर काही रुपये अडत ही एक गोष्ट. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्याची मजुरी ही दुसरी. १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांच्या कायद्याने, ज्यामागे अण्णासाहेब पाटील यांची संघटना होती, महाराष्ट्राने देशात अभावाने आढळणारी एक गोष्ट केली. ज्याला कोणी मालक मानायला तयार नव्हते, अशा कामगाराला मंडळाकडे नोंदवून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस मिळायची सोय केली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तर सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू करून हमालाला ग्राहक म्हणूनही विचारात घेतले. ज्याच्या पाठीवरून शहराचे धान्य जाते त्याला परवडणारे जेवण मिळत नाही, हे तिथे ओळखले गेले. अन्न स्वस्त करायचे म्हणून माथाडी कायदा सैल करा, असा सल्ला अधूनमधून येतो. बोगस माथाडींची दांडगाई हा खरा प्रश्न आहे, आणि पुढे एका प्रकरणात तो कठोरपणे हाताळला आहे. पण हमालाचा भविष्यनिर्वाह निधी कापून वाचलेले पैसे भाजीच्या भावात उतरतील, असे मानायला मी तयार नाही.

बाजार कायद्याची पकड ढिली करायला सुरुवात झाली ती केंद्राच्या २००३ च्या नमुना कायद्यानंतर. महाराष्ट्राने २००६ मध्ये दुरुस्ती केली. थेट खरेदीचे परवाने, खासगी बाजार, आणि शेतकरी-ग्राहक बाजार ही तरतूद. १९६३ पासून ४३ वर्षांनी ग्राहक कायद्याच्या मजकुरात शेतकऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. पण ग्राहक म्हणून, म्हणजे पिशवी घेऊन. समितीवर खुर्ची त्याला तेव्हाही नाहीच.

मोठी उडी २०१६ ची. त्या जुलैत अध्यादेशाने फळे आणि भाजीपाला समितीबाहेर विकायला मोकळीक मिळाली आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. अडत्यांनी बाजार बंद ठेवले. काही दिवस वाशीत शुकशुकाट होता. सरकारने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान चालवले, आणि विधान भवनाच्या आवारातही भाजीचे ठेले लागले. आमदारांनी पिशव्या भरल्या, छायाचित्रे छापून आली. त्यानंतरची पाहणी मात्र शांतपणे करायला हवी.

अडतीचे घ्या. शेतकऱ्याच्या पट्टीतून ती वजा होणे बंद झाले ही त्याच्या दृष्टीने सरळ जीत वाटते. पण खरेदीदार काही धर्मशाळा चालवत नाही. सहा टक्के त्याला द्यायचे आहेत म्हटल्यावर बोलीच्या वेळीच तो हात आखडता घेतो, किंवा पुढे किरकोळ विक्रेत्याला तेवढे वाढवून लावतो, किंवा दोन्ही थोडे थोडे. ज्या मालाला मागणी घाईची आणि पुरवठा अपुरा, तिथे भार खाणाऱ्यावर जातो. ज्या मालाचा बाजारात पूर आला आहे, तिथे पिकवणाऱ्यावर. पावतीवर नाव कोणाचे घालायचे एवढेच कायदा ठरवू शकला. ओझे कोणी वाहायचे ते त्या दिवशीच्या आवकेने ठरवले. कायदा करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही, पण शेतकऱ्याच्या पावतीवरून एक ओळ पुसली गेली हे सांगायला सोपे असते.

आणि किरकोळ भाव? कोथिंबिरीच्या जुडीचा शेतातला आणि सोसायटीच्या फाटकावरचा भाव यांत अंतर पडते त्याची कारणे समितीच्या कुंपणाबाहेरही पुष्कळ आहेत. फेरीवाल्याकडे थंड जागा नाही, संध्याकाळी उरलेला माल फेकायचा असतो. त्याचा रोजचा धंदा लहान, म्हणून प्रत्येक जुडीवर त्याचे घरभाडे बसते. परवाना नसेल तर हप्ता द्यावा लागतो. बाजारकायदा कितीही मोकळा केला तरी पदपथावरचा हा खर्च हलत नाही. बिहारने २००६ मध्ये बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. केरळात तो कधी नव्हताच. तरी त्या दोन राज्यांत भाजी शेतातल्या भावात मिळते असे कोणी म्हणत नाही.

इथे शरद जोशींच्या परंपरेतला वाचक हात वर करील, आणि त्याने करावाच. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांच्या शेतकरी संघटनेचे म्हणणे स्पष्ट होते: शहराला स्वस्त अन्न देण्याच्या नावाखाली शेतमालाचे भाव पाडले जातात, आणि ‘परवडणारे अन्न’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या खिशातून दिलेल्या अनुदानाचे सभ्य नाव आहे. हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो, एका मर्यादेपर्यंत. मर्यादा अशी की महाराष्ट्रातला कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर स्वतःही वर्षातले बरेच महिने धान्य, डाळ, तेल विकतच घेतो. तूर विकणाऱ्याच्या घरातही तूरडाळ दुकानातून येते. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा बार्शी किंवा लातूरच्या बाजारात तूर घालून आलेल्या माणसाने घरी जाताना डाळ घेतलीच असणार. पिकवणारा आणि खाणारा ही दोन वेगळी माणसे आहेत असे गृहीत धरून लिहिलेला कायदा या माणसाला अर्धाच पाहतो.

भावालाच थेट हात घालायचा प्रयत्नही झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्याला वर्षभराची कैद आणि ५० हजार रुपये दंड असा प्रस्ताव मान्य केला. अनेक बाजारांत व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. भाव कमी असणे आणि भाव नसणे यांतला फरक शेतकऱ्याला तेव्हा आठवडाभरात कळला. सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. दोन वर्षांनी केंद्राने, त्याच ३३ व्या नोंदीचा आधार घेऊन, तीन कृषी कायदे केले. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेची मंजुरी, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, नोव्हेंबर २०२१ मध्ये माघार. मधल्या काळात महाराष्ट्राने स्वतःची तीन दुरुस्ती विधेयके जुलै २०२१ मध्ये सभागृहात मांडली होती. दिल्लीची माघार झाल्यावर तीही विरली. केंद्राच्या कायद्यांविरुद्धच्या पंजाब-हरियाणाच्या आंदोलनावर ढीगभर लिहिले गेले आहे, म्हणून या पुस्तकाने त्यात फार वेळ घालवलेला नाही. ते बरेच झाले.

अन्नाचे नाव न घेता अन्न महाग करणारा कायदा पाहायचा असेल तर प्राणिरक्षणाच्या कायद्याकडे या. १९७६ च्या मूळ कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येला बंदी होती. बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून त्यांच्या कत्तलीवरही बंदी घातली, पण राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी, २०१५ मध्ये आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात बंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेले मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. निर्दोष असल्याचे आरोपीने सिद्ध करावे ही तरतूदही टिकली नाही.

या कायद्यावरची चर्चा धर्माच्या अंगाने झाली, आणि होणारच. पण या पुस्तकाचा विषय ताट आहे, म्हणून मी तेवढेच विचारतो. बकऱ्याच्या मटणाच्या मानाने पुष्कळ स्वस्त असलेले एक मांस कुर्ला, गोवंडी, मालेगाव, सोलापूरच्या वस्त्यांतून एका रात्रीत गेले. मुसलमान, दलित, ख्रिस्ती घरांत ते सणाचे पक्वान्न नव्हते, आठवड्याच्या कालवणातली प्रथिने होती. म्हशीच्या मांसाला मोकळीक होती, पण वाटेत गाडी अडवणाऱ्याला फरक समजावून सांगायची हिंमत किती जणांत असते? कुरेशी खाटकांचा धंदा बसला, कातड्याचा पुरवठा घटला, आणि म्हातारा बैल विकून नव्या बैलाच्या किमतीत भर घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात न विकला जाणारा बैल राहिला. त्याला वैरण घालायची की सोडून द्यायचा हे त्याने ठरवायचे. श्रद्धेची बाजू सभागृहाने ऐकली ती ऐकावीच. पण गरिबाच्या घरातला किती रुपयांचा प्रथिनांचा खर्च वाढेल, आणि तो कशाने भरून काढायचा, अंडी की डाळ की दूध, हा प्रश्न त्या सभागृहात विचारायला हवा होता.

मग खाणाऱ्यासाठी महाराष्ट्राने काहीच केले नाही का? पुष्कळ केले, आणि बहुतेक संकटाच्या वेळी. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळ संहिता आल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली गेली, आणि त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रवा कुठे दडवून ठेवला आहे हे त्या गोदामाच्या दारात जाऊन विचारत. खाणारा माणूस राजकारणात इतक्या ठसठशीतपणे नंतर कधी दिसला नाही. पण लाटणे मोर्चाच्या मागणीचा कायदा झाला नाही. ती योजनांत विरघळली.

योजनांचे आयुष्य सरकारइतके. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. सरकार बदलले, अनुदान आटले, भाकरी गेली आणि मोक्याच्या जागांवरचे स्टॉल तेवढे राहिले. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात, दहा रुपये. शहरात थाळीमागे ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये केंद्रचालकाला मिळायचे, वरचा फरक सरकारचा. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि पुढे काही काळ फुकट होती, आणि त्या महिन्यांत तिने किती माणसांना तगवले हे एसटी स्थानकांबाहेरच्या रांगांनी पाहिले आहे. पुढे अनुदान वेळेवर मिळत नाही अशा केंद्रचालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. तक्रार कुठल्या कायद्याखाली करणार? थाळी हा कोणाचा हक्क नव्हता. तसेच केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांत त्यांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळू लागले, आणि २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात टाकायचे ठरले. धान्याचे रोख झाले ते शासन निर्णयाने. विधिमंडळात मतदान व्हायचे कारणच नव्हते.

अन्नसुरक्षेचा कायदा आहे, पण तो केंद्राचा, २०१३ चा. महाराष्ट्राने तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू केला आणि साधारण ७ कोटी लोक त्यात आले. त्याच्या आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, छत्तीसगडने स्वतःचा अन्न आणि पोषण सुरक्षा कायदा केला होता, आणि त्यात धान्याबरोबर हरभऱ्यासारखी डाळ आणि मीठही धरले होते. महाराष्ट्राहून कितीतरी गरीब राज्याने हे विधानसभेत मंजूर करून घेतले. राज्याला अधिकार नव्हता, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

खरे तर महाराष्ट्राला सबबीची गरजही नसावी, कारण खाणाऱ्यासाठीचा सर्वांत धाडसी कायदा याच सभागृहाने केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात साठच्या दशकात प्रयोग झाला, दुष्काळात तो राज्यभर पसरला, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यात अन्नाच्या भावाला हात लावलेला नव्हता. मागेल त्याला काम आणि कामाला मजुरी, मजुरीचा काही भाग धान्यात. भाव कमी करण्याऐवजी विकत घेणाऱ्याच्या हातात पैसा. शेतकरी संघटनेच्या आक्षेपातून सुटायची हीच एक वाट होती, कारण इथे गरिबाच्या पोटासाठी शेतमालाचा भाव पाडावा लागत नव्हता. आणि पैसा कुठून? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्याच्या पगारातून आजही महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते याच वाटेचे. कर जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने घालायची, असे बंधन होते. शहराने खेड्यातल्या भुकेसाठी कायद्याने पैसे द्यायचे, दरमहा, आणि खेड्यातल्या माणसाने ते हक्काने मागायचे. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने गेला. पगारपत्रकातली ती कपात कशासाठी सुरू झाली, हे कापून घेणाऱ्याला आणि कापले जाणाऱ्याला आता दोघांनाही ठाऊक नसते.

रोहयोतही भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली, खडी फोडण्यापलीकडे काम पुष्कळदा गेले नाही. तरी मजुराला तहसीलदाराच्या दारात उभे राहून ‘कायदा आहे’ असे म्हणता येत होते, आणि दुष्काळी तालुक्यांतून मोर्चे निघाले ते याच वाक्याच्या जोरावर. शिवभोजनच्या रांगेतल्या माणसाला ते म्हणता येत नाही.

या पुस्तकाच्या शेवटच्या भागात काही सुधारणा सुचवल्या आहेत. खाणाऱ्याला बाजार समितीवर खुर्ची द्यावी, ही त्यांतली एक. मला ती फारशी पटत नाही. एकोणिसावा संचालक नेमला तर तोही लवकरच कोणत्या तरी पॅनेलचा होईल. दुसरी एक लहानशी सूचना मात्र मी माझ्याकडून जोडतो. विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या विधेयकाला उद्देश व कारणांचे निवेदन जोडलेले असते, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर वित्तीय ज्ञापनही: तिजोरीवर किती भार पडेल याचा अंदाज. त्याच कागदाला आणखी एक पान जोडावे. बाजार हलवायचा असो, अडतीचा भार फिरवायचा असो, एखादे मांस बंद करायचे असो की माथाडी मंडळाची रचना बदलायची असो, चार माणसांच्या घराच्या महिन्याच्या किराणा-भाजीवर त्याचा अंदाजे काय परिणाम होईल, आणि तोच माल पिकवणाऱ्याच्या पट्टीवर काय होईल, हे दोन आकडे शेजारी शेजारी. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे किमतींच्या नोंदी आहेत, पणन मंडळाकडे आवक-भावाच्या नोंदी रोजच्या रोज येतात. अंदाज चुकेल, त्यावर भांडणे होतील, आकडे फिरवले जातील. पण निदान भांडण सभागृहात होईल, विधेयक मंजूर होण्याच्या आधी. १९६३ पासूनच्या दुरुस्त्यांना असे पान असते तर त्यांतल्या कोणत्या टिकल्या असत्या, याचा अंदाज वाचकाला पुढच्या प्रकरणांतून एकेक करून बांधता येईल. माझा हिशेब २०१६ च्या अध्यादेशापाशी अडतो, आणि तिथे लेखकांचे व माझे मत जुळत नाही.